अर्ज आणि अर्ज

इंग्रजीत urge हे एक छोटेसे क्रियापद आहे, कुणाला काही करायला आग्रहाने सांगणे या अर्थाचे. देवनागरीत लिहिले की ते हुबेहूब आपल्या कचेरीतल्या अर्जासारखे दिसते: अर्ज. उच्चारात तेवढा फरक आहे. आपल्या अर्जातला ज जाळ्यातला, इंग्रजी अर्जातला ज जिलबीतला. बोलताना मराठी माणूस हे दोन ज कधी चुकत नाही, पण लिहायला त्याच्याकडे अक्षर एकच. त्यामुळे कागदावर हे दोन्ही शब्द जुळे वाटतात.

नाते मात्र काडीचेही नाही. आपला अर्ज अरबी आहे. तिथल्या मूळ धातूचा अर्थ समोर मांडणे, दाखवणे. फारसीच्या वाटेने तो दक्षिणेत आला, दरबारात अर्जदाश्त म्हणून वावरला आणि शिवकाळात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश झाला तरी जागचा हलला नाही. आजही शासन ‘आवेदनपत्र’ छापते आणि लोक अर्जच करतात. इंग्रजी अर्ज लॅटिनमधला. मूळ क्रियापद ‘उर्गेरे’, म्हणजे रेटणे, ढोसणे, पिच्छा पुरवणे. कचेरीतला अर्ज माणूस टेबलावर ठेवतो आणि दोन पावले मागे सरतो. इंग्रजी अर्ज मागून येतो आणि पाठीत ढोसतो. एकाच अक्षराआड विनंती आणि रेटा असे दोघे लपलेले आहेत. पुण्याचा सार्वजनिक इतिहास पाहिला तर त्यातला बराचसा भाग पहिल्या अर्जाकडून दुसऱ्या अर्जाकडे जाण्याचा आहे. ती हकीकत पुढे येईल. आधी शब्दांचे पाहू.

इंग्रजीत क्रियापदाच्या आधी विशेषण आले. ‘अर्जंट’ हा शब्द फ्रेंचमार्गे पंधराव्या शतकाच्या शेवटी इंग्रजीत रुळला, क्रियापद त्यानंतर, सोळाव्या शतकाच्या मध्यावर. मराठीनेही नेमके तेच विशेषण उचलले आणि क्रियापद दाराबाहेर ठेवले. तारेच्या जमान्यात साधी तार आणि अर्जंट तार असे दोन भाव होते. ती तार १४ जुलै २०१३ रोजी सरकारने बंद केली, पण अर्जंट शिल्लक आहे. लक्ष्मी रोडच्या आसपास अजून अर्जंट रफू होतो, अर्जंट फोटो निघतात, आणि सरकारी कचेरीत कुणीतरी काकुळतीला येऊन सांगत असतो, “साहेब, अर्जंट अर्ज आहे.” एका वाक्यात अरब आणि रोमन शेजारी बसलेले असतात, दोघांनाही पत्ता नसतो.

इंग्रजीत या क्रियापदाचे नामही झाले. ते आतून येणाऱ्या रेट्याला लावतात. त्याला मराठीत एक शब्द पुरत नाही हे आपल्या भाषेचे भाग्य. चहाची तलफ येते, भांडणाची खुमखुमी असते, कवितेची ऊर्मी असते. पावसाची पहिली सर पडली की अर्ध्या पुण्याला सिंहगडावर पिठलं-भाकरी खायला जायची येते ती हुक्की. चारही ठिकाणी इंग्रज एकाच शब्दावर भागवतो.

पण माणसाला एखाद्या गोष्टीकडे वळवायचे तर इंग्रजीकडेही बरीच हत्यारे आहेत, आणि त्यांची कुळे पाहण्यासारखी आहेत. ‘पर्स्वेड’ घ्या. लॅटिन ‘स्वादेरे’ म्हणजे सल्ला देणे, गळी उतरवणे. त्याच कुळातला ‘स्वाविस’ म्हणजे गोड, रुचकर. इंग्रजी ‘स्वीट’ त्याच घरचा, आणि आपला संस्कृत ‘स्वादु’ही. तेव्हा दुसऱ्याचे मन वळवणे म्हणजे त्याला गोष्ट गोड करून देणे, ही कल्पना इंडो-युरोपीय घराण्यात फार जुनी आहे. आपण ‘गोडीगुलाबीने’ म्हणतो, ‘गळी उतरवणे’ म्हणतो, तेव्हा लॅटिनची नक्कल करत नसतो. जिभेचा अनुभव दोन्हीकडे सारखाच आहे.

‘कोक्स’ची गोष्ट जरा खट्याळ. चुचकारून काम करून घेणे असा आज त्याचा अर्थ. सोळाव्या शतकात मात्र हे नाम होते आणि त्याचा अर्थ भोळसट, बावळट माणूस. कुणाचा कोक्स करणे म्हणजे शुद्ध मराठीत त्याचा मामा बनवणे. पुढे बनवाबनवी ओसरली, लाडीगोडी उरली. ‘एग ऑन’ म्हणजे एखाद्याला भरीस घालणे. त्यात अंड्याचा काही संबंध नाही, शाळेत मुले हमखास तसे समजतात. उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेतले ‘एग्या’ हे क्रियापद धारेवरून आले: माणसाला धार दाखवून पुढे हाकणे. आणि ‘इन्स्टिगेट’, म्हणजे चिथावणे, हा तर आपल्या ‘उत्तेजना’चा लांबचा भाऊ. दोन्हींच्या मुळाशी टोकदार, तीक्ष्ण असा अर्थ असलेला धातू. संस्कृतात तो ‘तिज्’, ज्यातून तेज, तीक्ष्ण, तिग्म निघाले. उत्तेजन म्हणजे मुळात धार लावणे. इंग्रजीत त्याच धारेला गुन्ह्याचा वास आला, मराठीत मात्र तिला प्रतिष्ठा मिळाली. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुण्यात तर अशा संस्थाच निघाल्या. १८७५ पासूनच्या वसंत व्याख्यानमालेमागे वक्तृत्वोत्तेजक सभा आहे, आणि १८९४ मध्ये स्थापन झाली ती ग्रंथोत्तेजक संस्था. वक्त्यांना आणि लेखकांना चिथावणी देण्यासाठी रीतसर कार्यकारिणी नेमणारे शहर जगात दुसरे असेल असे वाटत नाही.

‘प्रेस’ या शब्दाशी पुण्याचा संबंध छापखान्यामुळे. लॅटिनमध्ये दाबणे, त्यावरून कागदावर खिळे दाबणारे यंत्र, त्यावरून वर्तमानपत्रे. पण इंग्रजीत माणसे सक्तीने आरमारात भरती करणाऱ्या टोळ्यांनाही ‘प्रेस’ शब्द लागत असे, आणि गंमत अशी की तो प्रेस मुळात दाबण्याचा नव्हे. तो फ्रेंच ‘प्रेस्त’, म्हणजे आगाऊ दिलेली रक्कम, आपल्याकडचा इसारा. खलाशाच्या हातावर राजाचा इसारा टेकवला की तो बांधला गेला. पुढे इसारा नाममात्र उरला, दंडेली वाढली, आणि लोकांना वाटू लागले की हा दाबण्याचाच प्रेस. शब्दांची अशी अदलाबदल होते तेव्हा बहुधा माणसांवर काहीतरी गुदरलेले असते.

इंग्रजी हत्यारांची ही पेटी पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. रेटणे, ढोसणे, टोचणे, दाबणे, पुढे हाकणे: साहेबाचा हात बहुतेक वेळा समोरच्याच्या पाठीवर असतो. मराठीत तो हात कुठे असतो?

आपण आग्रह धरतो. हट्ट धरतो. पाय धरतो. मनधरणी करतो. एखाद्याला धारेवर धरतो, वेठीस धरतो. आणि काहीच जमले नाही तर सरळ धरणे धरून बसतो. आग्रहातही ‘ग्रह्’ आहे, तोही पकडण्याचा. इंग्रजी ‘ग्रॅब’ त्याचा नातलग मानतात. गळ घालतो तेव्हाही समोर मासे धरायचा आकडाच दिसतो. मराठी माणूस दुसऱ्याला रेटत नाही, तो त्याला धरून ठेवतो आणि स्वतः हलत नाही. इंग्रजी दाब पुढे सरकतो, मराठी दाब जागेवर बसतो. अपवाद आहेत. प्रेरणा मुळात ढकलच आहे, चिथावणे आहे, भरीस घालणे आहे. तिकडे इंग्रजीतही ‘इन्सिस्ट’ आहे, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ एखाद्या गोष्टीवर पाय रोवून उभे राहणे. पण साहेब उभा राहतो तिथे आपण ठिय्या मांडतो, हा फरक उरतोच.

हा ठिय्या पुण्यात किती मुरलेला होता याचा उत्तम साक्षीदार म्हणजे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. पेशवाई बुडाल्यावर हा गृहस्थ जिंकलेल्या मुलखाचा कमिशनर झाला आणि १८१९ मध्ये त्याने त्या मुलखाबद्दल मोठा अहवाल लिहिला. त्यात न्यायव्यवस्थेच्या प्रकरणात त्याने तगाद्याचे जे वर्णन केले आहे ते वाचून आजच्या वसुली एजंटाने कान पकडावेत. ऋणको बरोबरीचा किंवा खालचा असेल तर धनको त्याला घराबाहेर पडू देत नसे, जेवू देत नसे, प्रसंगी उन्हात बसवत असे. ऋणको मोठा माणूस असेल तर पद्धत उलटी. मग आधी गयावया, अब्रूची आठवण, मग त्याच्या उंबऱ्यावर आडवे पडणे, त्याच्या वाटेत लोळण घेणे, दारात आरडाओरडा. आणि शेवटचे अस्त्र म्हणजे दारात उपाशी बसणे. धनको उपाशी आहे तोवर घरातल्या ऋणकोलाही घास घेता येत नसे. दोघांच्या पोटाची ही शर्यत. जो आधी हरेल त्याने पैसे द्यायचे किंवा सोडायचे.

या पद्धतीत एक सूक्ष्म गोष्ट आहे. दाब देणारा स्वतःलाच त्रास देतो, आणि तो त्रास दाराच्या आत जातो, कारण आतल्या माणसाला लोकलज्जा आहे, पापाची भीती आहे, भीड आहे. ज्याला भीडच नाही त्याच्या दारात उपाशी बसून काही साधत नाही. म्हणूनच मराठीत भिडेला इतके वजन. आपण भीड घालतो, भिडेखातर होकार देतो, भिडस्त माणसाची कीव करतो आणि शेवटी ‘भीड भिकेची बहीण’ म्हणून स्वतःलाच बजावतो.

‘तगादा’ शब्दही मजेदार. तो अरबी ‘तकाझा’, आणि ज्या धातूपासून तो आला त्याच धातूपासून काजीही आला. निवाडा देणारा आणि दारात बसून छळणारा एकाच घरचे. एल्फिन्स्टनच्या अहवालावरून दिसते ते हेच की अनेकांच्या बाबतीत तगादा हाच काजी होता. सरकारात दाद मागत बसण्यापेक्षा उंबऱ्यावर बसणे स्वस्त.

इंग्रजांना हे धरणे भलतेच लागले. १८८६ मध्ये निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात त्याची वेगळी नोंद आहे, आणि आता तो शब्द इंग्रजी कोशांतही स्थिरावला आहे. कायद्यातही तो गेला. १८६० च्या भारतीय दंडसंहितेचे ५०८ वे कलम दैवी कोपाची भीती घालून कुणाकडून काही करवून घेण्याबद्दल होते, आणि त्याखाली दिलेले पहिलेच उदाहरण असे: अमुक मनुष्य तमुकाच्या दारात धरणे धरून बसतो, हेतू हा की तमुकावर देवाचा कोप होईल असे वाटावे. शिक्षा एक वर्षापर्यंत. कायद्याच्या पुस्तकात एका देशी क्रियापदाला गुन्हेगार म्हणून मिळालेली ही जागा.

त्यानंतर राज्य कागदाचे झाले, आणि कागदाच्या राज्यात दाद मागायची रीत एकच: अर्ज. त्याची भाषा आजतागायत फारशी बदललेली नाही. वर ‘प्रति’, मग ‘विषय’, मग ‘वरील विषयास अनुसरून आपणांस विनंती अर्ज करण्यात येतो की’, आणि शेवटी ‘आपला विश्वासू’, तो विश्वासू नसला तरी. या वाक्यात कर्ता सापडत नाही हे ध्यानात घ्या. अर्ज ‘करण्यात येतो’. कोण करतो? खाली सही आहे, तो. पण वाक्यात तो अदृश्य आहे. ज्याला लिहिता येत नसे त्याच्यासाठी कचेऱ्यांच्या आवारात अर्जनवीस बसत. फडणवीस, चिटणवीस यांच्याच पंगतीतला हा नवीस, म्हणजे लिहिणारा. अर्ज आत गेला की आवक क्रमांक पडतो. जाणता माणूस दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडत नाही.

२ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेली पुणे सार्वजनिक सभा ही अर्जाची राजधानी. ती निघाली पर्वतीमुळे. पर्वतीच्या देवस्थानाचा कारभार पाहणाऱ्या पंचांविरुद्ध लोकांच्या तक्रारी होत्या, सरकारकडून देवस्थानाला पैसा मिळत होता, आणि सरकारपुढे लोकांच्या वतीने बोलणारे कुणी नव्हते. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी मग अशी सभा काढली की जिच्या सभासदाला किमान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. आपण कुणाच्या वतीने अर्ज करतो हे आधी सिद्ध करा, मग अर्ज करा. मतपेटी यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. १८७७ च्या दिल्ली दरबारात हेच काका हातसुती खादीच्या वेषात सभेचे मानपत्र घेऊन गेले होते. मानपत्राच्या आडून मागण्या पुढे करणे हा अर्जाचा सर्वांत अदबशीर प्रकार.

रानडे १८७१ मध्ये न्यायाधीश म्हणून पुण्यात आले आणि सभेच्या कागदांना आकडे, कायदा आणि शांत युक्तिवाद यांचे वजन मिळाले. या शैलीची पुढे फार टवाळी झाली. मला ती टवाळी अर्धीच पटते. ज्या लोकांना आपण सरकारला काही मागू शकतो हेच ठाऊक नव्हते, त्यांच्यासाठी व्यवस्थित लिहिलेला अर्ज हा पहिला दाब होता. पण टवाळी करणाऱ्यांचे अर्धे म्हणणे खरेही होते. अर्ज वाचायचा की नाही हे वाचणाऱ्याच्या मर्जीवर होते आणि त्या मर्जीला मुदत नव्हती.

१८९५ मध्ये सभा टिळकांच्या गटाच्या हाती गेली. रानडे आणि गोखले यांनी पुढल्या वर्षी डेक्कन सभा काढली. लगेच १८९६-९७ चा दुष्काळ आला. आता सभेने सरकारला लिहिण्याबरोबर शेतकऱ्यांना सांगायला सुरुवात केली. दुष्काळाचा कायदा मराठीत छापला, गावोगाव माणसे पाठवली, पीक बुडाले असेल तर सूट मागणे हा तुमचा हक्क आहे, घरातले विकून सारा भरू नका, असे बजावले. तोंड सरकारकडून लोकांकडे वळले, आणि अर्जाचा इंग्रजी अर्थ पुण्यात पहिल्यांदा नीट उमटला. सरकारचे उत्तर चोख होते. १८९७ मध्ये सरकारने जाहीर केले की सार्वजनिक सभेला राज्यकारभाराच्या प्रश्नांवर सरकारशी पत्रव्यवहार करणारी संस्था म्हणून यापुढे मानता येणार नाही. रेटा दिला म्हणून अर्ज करण्याचाच अधिकार गेला. दोन अर्जांमधला फरक सरकारला सर्वांत आधी कळला, असेच म्हणायला हवे.

एकाच माणसाने दोन्ही वाटा चालून पाहिल्याचे उदाहरण हवे असेल तर ते शिवराम जानबा कांबळे यांचे. पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये बटलरची नोकरी करणारा हा माणूस १९०८ पासून ‘सोमवंशीय मित्र’ नावाचे मासिक चालवत होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात महारांची सैन्यभरती सरकारने बंद केली होती. ती पुन्हा सुरू करावी म्हणून कांबळ्यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. उत्तर मिळाले ते पहिले महायुद्ध पेटल्यावर, आणि तेही तात्पुरते: १९१७ मध्ये महारांची पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. गरज सरो आणि वैद्य मरो. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी कांबळे, पां. ना. राजभोज आणि त्यांचे सहकारी पर्वतीच्या पायऱ्यांवर गेले. या वेळी हातात अर्ज नव्हता. मंदिराचा दरवाजा सर्वांना खुला करा, हा आग्रह होता. सत्याग्रहींवर दगडफेक झाली. दार तेव्हा उघडले नाही. पण पाचच महिन्यांत नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे त्याहून मोठा सत्याग्रह उभा राहिला. ज्या पर्वतीच्या पंचांवरून सार्वजनिक सभा जन्माला आली, त्याच पर्वतीवर पुण्याने ५९ वर्षांनी आग्रहाचे दगड खाल्ले. सभा निघाली तेव्हा प्रश्न देवस्थानाच्या कारभाराचा होता. देवळात कोण जाऊ शकतो हा प्रश्न विचारायला दुसरी माणसे यावी लागली.

सत्याग्रह हा शब्द काही पुण्याचा नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्याला ‘पॅसिव्ह रेझिस्टन्स’ म्हणणे गांधीजींना खटकत होते. त्यांनी ‘इंडियन ओपिनियन’मध्ये नवा शब्द सुचवणाऱ्याला बक्षीस जाहीर केले. मगनलाल गांधींनी ‘सदाग्रह’ सुचवला, गांधीजींनी त्याचा ‘सत्याग्रह’ केला. आग्रहाचे इंग्रजी करताना त्यांनी ‘फर्मनेस’ हा शब्द वापरला. इथे भाषेने एक गंमत केली आहे. इंग्रजी ‘फर्म’ लॅटिन ‘फिर्मुस’चा, आणि तो ज्या जुन्या धातूचा मानतात त्याचेच संस्कृत रूप म्हणजे ‘धृ’, धरणे. गांधीजींनी नकळत धरण्याचे भाषांतर धरण्यानेच केले.

पुणे जिल्ह्यात हा शब्द मुळशीत १९२१ मध्येच खणखणला होता. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळशीला धरण बांधायचे ठरले, मावळ्यांची भातखाचरे पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट याच लढ्याने सेनापती झाले. ‘जान किंवा जमीन’ ही तिथली घोषणा. धरणही ‘धृ’चेच, पाणी धरते ते. एका धरण्याविरुद्ध दुसरे धरणे उभे होते. पहिले जिंकले, कारण त्याच्यामागे भूसंपादनाचा कायदा होता. बापटांच्या नावाचा रस्ता पुण्यात आहे, त्यावर मोठमोठ्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत.

   

सध्या इंग्रजी अर्जाची सर्वांत जास्त उठाठेव वर्तमानपत्रांत होते, आणि तिथे त्याचे एकच ठरलेले मराठी झाले आहे: आवाहन. महापालिका मूर्ती हौदात विसर्जन करण्याचे आवाहन करते, पोलीस शांतता राखण्याचे, मंत्री गुंतवणुकीचे आणि संयुक्त राष्ट्रसंघ युद्ध थांबवण्याचे. आवाहन हा मूळचा पूजेतला शब्द. गौरी आवाहन, गौरी पूजन, गौरी विसर्जन असे तीन दिवस कुठल्याही दिनदर्शिकेत सापडतील. ‘वह्’ म्हणजे वाहून आणणे, त्यावरून देवतेला जवळ आणणे, बोलावणे. त्याचा ‘आव्हाना’शी घोटाळा करणे ही तर संपादकीय टेबलावरची जुनी डोकेदुखी. आव्हान हे संस्कृत ‘आह्वान’, ‘ह्वे’ म्हणजे हाक मारणे यावरून आलेले, लढायला पुढे ये अशी हाक. पोलिसांनी नागरिकांना शांततेचे आव्हान दिल्याचे छापून आले की वाचकाला हसावे की घाबरावे कळत नाही.

आवाहन वाईट शब्द नाही. पण त्यात रेटा नाही आणि धरणेही नाही. कोण कुणावर दाब टाकतो आहे, कोण वर आहे, कोण खाली, हे त्यातून पुसले जाते. इंग्रजीला एका क्रियापदात ते लपवता येते, मराठीत लपवू नये. डॉक्टरने रोग्याला सिगारेट सोडायला ‘अर्ज’ केले असेल तर मराठीत त्याने बजावले. बायकोने केले असेल तर विनवले, मित्रांनी केले असेल तर गळ घातली, आणि आईने केले असेल तर ती हात धुऊन मागे लागली. छोट्या देशाने मोठ्या देशाला केले तर विनंती, मोठ्याने छोट्याला केले तर दम. संघटनेने सरकारला केले तर आग्रह धरला, आणि सावकाराने ऋणकोला केले तर तगादा लावला. बातमी लिहिणाऱ्याने हे एवढे पाहावे. आवाहन गौरी-गणपतींना आणि फार तर महापालिकेला राहू द्यावे.